नौपाड्यातलं मेडिकल: लशीची आठवण चोख, बर्फाचं मात्र बघा

डायबेटिसचा पेशंट डॉक्टरांकडे जातो तीन महिन्यांनी. गोळ्यांसाठी मेडिकलच्या काउंटरवर येतो दर महिन्याला. ठाण्याच्या नौपाड्यातल्या या दुकानाने नेमकं हेच हेरलंय. मेटफॉर्मिनच्या स्ट्रिप काढता काढता फार्मासिस्ट विचारतो, "काका, फ्लूची यंदाची झाली का? न्यूमोनियाची कधी घेतलीत?" उत्तर कॉम्प्युटरवर नावापुढे चढतं आणि पुढच्या डोसच्या आधी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. दुकानात टोचत नाहीत. चिठ्ठी डॉक्टरांची, टोचणारही डॉक्टरच. हे योग्यच आहे.

सल्ला पक्का मिळतो. फ्लूची दरवर्षी, शक्यतो पाऊस सुरू व्हायच्या आत, कारण अंगात ताकद यायला दोनेक आठवडे जातात आणि फ्लूची साथ इथे पावसाळ्यात जोर धरते. न्यूमोनियाची 13 प्रकारच्या जंतूंवरची घेतली असेल तर साधारण वर्षाने 23 ची. 20 ची घेतली तर एकाच डोसात काम संपतं. हेपेटायटिस बी 0, 1 आणि 6 महिन्यांनी. ही कशाला, असं बरेच जण विचारतात. हा आजार रक्तातून पसरतो, आणि घरात ग्लुकोमीटर एक आणि बोट टोचायचं पेनही एकच, हे त्याचं उत्तर. पन्नाशीनंतर नागिणीचे दोन डोस, मध्ये 2 ते 6 महिने. एका डोसची किंमत ऐकूनच लोक माघारी फिरतात, तो दोष दुकानाचा नव्हे.

फ्रिज बघण्यासारखा आहे. आत थर्मामीटर, बाजूला दोन वेळच्या नोंदींची वही, दारात एकही लस नाही. तापमान 2 ते 8 अंशांत हवं, आणि दाराच्या कप्प्यात ते टिकत नाही.

घोळ होतो तो लस फ्रिजबाहेर आल्यावर. संध्याकाळच्या गर्दीत फ्रीजरमधला दगडासारखा आइस पॅक थेट लशीच्या खोक्याला चिकटवून पिशवी हातात देतात. उन्हाने लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं, गोठून बिघडते हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. हेपेटायटिस बी आणि न्यूमोनियाच्या 13 वाल्या लशीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठली की त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि लस वाया जाते. पॅकवर दवाचे थेंब येऊन आतलं पाणी हलायला लागेपर्यंत थांबायला सांगा, मध्ये पुठ्ठा घालायला लावा. आधी डॉक्टरांना फोन करा, ते दवाखान्यात असतील तरच लस उचला. गोखले रोडच्या ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटांची चाळीस होतात. नेलेली लस परत घेत नाहीत, घेऊही नये.

दुसरी तक्रार बिलाची. डोसची तारीख आणि बॅच नंबर थर्मल कागदाच्या बिलावरच छापून देतात. हेपेटायटिसच्या तिसऱ्या डोसापर्यंत तो कागद कोरा झालेला असतो! खोक्याचा फोटो काढा: नाव, बॅच, एक्सपायरी.

लशीनंतर एक-दोन दिवस शुगर थोडी चढू शकते, हे काउंटरवर कुणी सांगत नाही. तेवढ्यावरून इन्सुलिनचे युनिट मनाने वाढवू नका.

साडेतीन स्टार. सकाळी अकरा ते एकमध्ये जा. फार्मासिस्टला तेव्हाच बोलायला वेळ असतो.