मुख्याध्यापकांसाठी कृतिसंशोधन: रेडीमेड उपक्रम घ्यावा, एकट्याने करावं की स्टाफला घेऊन?

नवीन मुख्याध्यापक झालेले बरेच जण विचारतात की सर, शाळेतली एखादी अडचण खरंच सोडवायची तर वरून आलेला उपक्रम नीट राबवू, स्वतः कृतिसंशोधन करू, म्हणजे आपल्याच शाळेतली अडचण मोजून, त्यावर बदल करून फरक पडतो का ते बघू, की तेच शिक्षकांना घेऊन करू? मी जिल्हा परिषद शाळेत तिन्ही करून बघितलंय, त्यामुळे कुठे काय चालतं ते सरळ सांगतो.

आधी रेडीमेड उपक्रम. मुलांचं वाचन-गणित कच्चं असेल तर तुम्ही शून्यापासून शोध लावत बसू नका, कारण ही अडचण हजारो शाळांची आहे आणि त्यावर लोकांनी आधीच मोजूनमापून काम केलंय. प्रथम संस्थेच्या बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक ताई रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची, आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी मुंबई आणि वडोदऱ्यात ते तपासलं तेव्हा मुलांचे मार्क वाढलेले दिसले. असं तपासलेलं काही हाताशी असेल तर ते घ्या आणि मन लावून राबवा, बस. पण तुमच्या गावचा बाजार कुठल्या वारी भरतो हे कुठल्याच उपक्रमाला माहीत नसतं, आणि माझी अडचण नेमकी तिथेच होती.

आमच्याकडे मंगळवारी बाजार. गैरहजेरी वाढलीय हे सगळ्यांनाच दिसत होतं, आणि पालक उदासीन आहेत हे कारणही सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं होतं. मी एकट्याने दोन महिन्यांचं हजेरीपत्रक वारानुसार मांडलं, मंगळवार वेगळाच उठून दिसला, मग पालकसभा घेतली, घरोघर चिठ्ठी पाठवली, रिपोर्टही व्यवस्थित लिहिला, शीर्षक, गरज, उद्दिष्टं, कृतिगृहीतक, कार्यवाही, निष्कर्ष सगळं जागच्या जागी. हजेरी मात्र होती तिथेच राहिली.

पुढच्या सत्रात तोच कागद स्टाफ मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला आणि फक्त विचारलं, यात तुम्हाला काय दिसतं? गावातच राहणाऱ्या आमच्या एक मॅडम म्हणाल्या, "सर, नावं बघा ना, सहावी-सातवीच्या मुलीच आहेत बहुतेक, आई बाजारात भाजी विकायला बसते आणि धाकट्याला ह्या सांभाळतात." मी दोन महिन्यांचे आकडे मोजले पण नावं वाचलीच नव्हती. मग अंगणवाडीच्या ताईंशी बोलून मंगळवारी धाकट्यांना तिकडे बसवायचं ठरलं, दोन शिक्षकांनी त्या घरी जाऊन आयांशी बोलायचं घेतलं, आणि दर मंगळवारची हजेरी ऑफिसच्या भिंतीवर एका कागदावर लिहित गेलो. सहा आठवड्यांत बऱ्याचशा मुली यायला लागल्या.

म्हणून माझं मत विचाराल तर प्रश्न तुमच्याच शाळेचा असेल तर स्टाफला घेऊनच करा. याला वेळ लागतो, दोन मीटिंगा नुसत्या वाद घालण्यात जातात हे खरंय, पण कारण शिक्षकाने शोधलेलं असलं की तो ते सोडत नाही. आणि मुख्याध्यापकाने एकट्याने वर्गात जाऊन माहिती गोळा केली की शिक्षकाला ती तपासणीच वाटते, कारण वर्षाच्या शेवटी त्याच्या कामाचा गोपनीय अहवाल आपणच लिहिणार असतो ना! त्यामुळे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाका की या कामातला एकही आकडा लॉगबुकात (वर्गतपासणीच्या वहीत) किंवा गोपनीय अहवालात जाणार नाही, आणि तो शब्द पाळा. हे नाही जमलं तर लोक तुम्हाला गोड आकडे देतील, खरे नाही.

एकट्याने करायचं ते फक्त स्वतःच्या कामावर, आणि तिथे ते फार उपयोगाचं आहे. मी दोन आठवडे डायरीत रेघा मारत गेलो, चालू तासातून शिक्षकाला माहितीसाठी किती वेळा ऑफिसात बोलावतो ते. रेघा बघून वाईट वाटलं. वरून मागवलेली माहिती बहुतेक वेळा शाळा सुटेपर्यंत थांबू शकत होती, आता ती सगळी शेवटच्या तासानंतरच घेतो.

वेळेचा हिशेबही बघा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस, त्यात परीक्षा, क्रीडास्पर्धा, निवडणुकीची ड्युटी हे सगळं आलं. वर्षभराचा मोठा प्रकल्प हाती घेतला की तो दिवाळीनंतर सुटतोच, म्हणून सहा आठवड्यांचं एक चक्र धरा, एकच प्रश्न, एकच बदल, बघा, बोला, मग पुढचं. दुसरं म्हणजे पूर्वचाचणी-उत्तरचाचणीत मार्क वाढले की लगेच आपला उपाय लागू पडला असं लिहू नका, मुलं तशीही चार महिन्यांत काहीतरी शिकतातच, मागच्या वर्षीचे तेच आठवडे किंवा दुसरी तुकडी शेजारी ठेवून बघा. शाळा व्यवस्थापन समितीला शाळा विकास आराखडा करायचाच असतो, त्यात हे टाकलं तर वेगळा कागद वाढत नाही.

आमचा मंगळवार अजून पूर्ण सुटलेला नाही. मुली आल्या, पण सातवीची चार-पाच मुलं अजून बाजारात हमालीला जातात, त्या दिवशी हातात पैसे येतात आणि घरी ते लागतात, तिथे अंगणवाडीचा उपाय चालणार नाही. त्यांची नावं भिंतीवर लिहायची नाहीत असं आम्ही ठरवलंय, त्यांचा कागद वेगळा केलाय, आणि पुढच्या शनिवारी मीटिंगला समितीच्या दोन पालकांनाही बोलावलंय.