स्थलांतराचा अभ्यास : आकडेवारीची वाट की कोप्यांवरची?

दिवाळीच्या आगेमागे बीडहून ऊसतोडीला गेलेलं जोडपं तुमच्या अभ्यासात कुठे दिसेल? स्थलांतरावर करिअर करायचं असेल तर दोन्ही वाटा याच प्रश्नावर तपासा.

आकडेवारीची वाट म्हणजे लोकसंख्याशास्त्र. त्यासाठी मुंबईत देवनारला 1956 पासूनची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. जीवन सारणी (वयानुसार मृत्यू आणि आयुर्मानाचा तक्ता), नमुना निवड, स्टाटा किंवा आर ही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर यांवर हात बसवावा लागतो. जमेची बाजू : राष्ट्रीय नमुना पाहणीची मूळ आकडेवारी फुकट मिळते, प्रबंध प्रवासावाचून अडत नाही. अडचण व्याख्येत आहे. या पाहणीच्या 64व्या फेरीत (2007-08) अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे मागच्या 365 दिवसांत कामासाठी 1 महिना किंवा जास्त, पण 6 महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला. कारखान्याचा पट्टा उशिरा पडला, म्हणजे गाळप हंगाम लांबला, की आपलं जोडपं या चौकटीतून निसटलं! घराला कुलूप असलं तर पाहणीवाला दुसरं घर घेतो, ते वेगळंच. शिवाय भारांक (नमुन्यातलं एक घर किती घरांच्या जागी धरायचं तो आकडा) न लावता टक्केवारी काढणं आणि मोजक्या नमुन्यावरून जिल्ह्याचं चित्र रंगवणं, या नवख्यांच्या नेहमीच्या चुका. 2011 च्या जनगणनेत स्थलांतरित सुमारे 45 कोटी. त्यांत लग्नामुळे गाव बदललेल्या बायकाच फार मोठ्या संख्येनं आहेत. सगळ्यांना ‘कामासाठी गेलेले’ समजलात तर प्रबंध तिथेच कोसळतो.

दुसरी वाट समाजशास्त्र-मानववंशशास्त्राची, म्हणजे कोप्यांवर, तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, जाऊन करायच्या क्षेत्रकार्याची. ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघं, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) दोघांची मिळून, हे इथे पहिल्याच आठवड्यात कळतं. पण मुकादम (मजुरांच्या टोळीचा ठेकेदार) शेजारी उभा असला की उचलीचा खरा आकडा कोणी सांगत नाही. बायकांशी बोलायला संध्याकाळी चुलीजवळच बसावं लागतं. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला चार ते सहा तास जातात, आणि एक हंगाम हुकला की वर्ष गेलं.

आमचा कौल आधी आकडेवारीला. क्षेत्रकार्य पुढेही शिकता येतं. जीवन सारणी नोकरी लागल्यावर शिकणारे विरळा. अपवाद एकच : तुमच्याच घरी कोयता असेल तर उलटं करा, ती ओळख कुठल्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

नेटला (सहायक प्राध्यापकपद आणि संशोधनवृत्तीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) लोकसंख्या अध्ययन आणि समाजशास्त्र हे वेगळे विषय आहेत, तेव्हा निर्णय अर्ज भरण्याआधीच हवा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधनवृत्ती) मिळाली तर सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये.