"वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली?" – पाण्याखालच्या कॅमेऱ्यात गेलेले माझे ९,०४७ रुपये

९,०४७ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण पोलीस ठाण्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे पहिला प्रश्न हाच आला आणि उत्तर ऐकताच समोरच्याचा रस संपला. "नऊ हजारच ना?" हे माझे भिशीचे पैसे होते. कॅमेरा ५,९९९, त्याची पाण्यात न्यायची केस १,६५०, मेमरी कार्ड ८९९ आणि शेवटी 'रिटर्न पिकअप'चे म्हणून ४९९.

स्वस्त कॅमेऱ्याच्या असल्या ऑनलाइन जाहिराती कशा चालतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. म्हणूनच लिहितेय. न वाचता, न विचारता बटण दाबणारी मी नाही, तरी त्यांनी मला गाठलं. कारण हे लोक काहीतरी पाठवतात. रिकामं खोकं नाही, साबणाची वडी नाही, चालू होणारा कॅमेरा पाठवतात. आणि तो तुमच्या हातात पडला की पुढे तुमची तक्रार कुणी घेत नाही.

आम्ही मालवणला जाणार होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी होडीनं नेऊन स्नॉर्कलिंग करवतात. लाइफ जॅकेट घालायचं, मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची आणि पालथं तरंगत खाली बघायचं. पोहता येत नसलं तरी चालतं, म्हणून सासूबाईसुद्धा तयार झाल्या होत्या. त्यांचा समुद्रातला व्हिडिओ असावा एवढीच माझी इच्छा. फोन प्लास्टिकच्या पाउचमध्ये घालून न्यायला मी तयार नव्हते. फोनवर आयपी ६८ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात होते, आणि आत पाणी गेलं की बहुतेक कंपन्या वॉरंटीतून हात काढून घेतात.

मग बसून माहिती काढली. गोप्रो हिरोचे अलीकडचे मॉडेल केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, ऑलिंपसचा टीजी-६ १५ मीटर, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ तर १८ मीटर. स्नॉर्कलिंगला एवढी खोली लागतही नाही. आपण वरच तरंगत असतो, हात खाली नेला तरी मीटरभर. पण हे सगळे आमच्या आवाक्याबाहेरचे. निकॉनचा डब्ल्यू३००, फुजीफिल्मचा एक्सपी१४० असे साधे, टणक कॅमेरे आधी मिळायचे, ते बंद झाले. हे मुद्दाम सांगतेय, कारण मला दिसलेल्या जाहिरातीत 'बंद झालेल्या मॉडेलचा शेवटचा स्टॉक' असं लिहिलं होतं. ज्यानं काहीच वाचलं नव्हतं त्याला कदाचित शंका आली असती. मला ते पटलं, कारण मी वाचलं होतं.

व्हिडिओत एक हात निळा-केशरी कॅमेरा केसशिवाय पाण्यात बुडवतो, बाहेर काढतो, झटकतो. २४,९९९ खोडून ६,४९९. पैसे आधी भरले तर आणखी ५०० कमी. 'वॉटरप्रूफ १० मीटर, ४के, ४८ मेगापिक्सल.' खाली परतीचं धोरण, जीएसटी नंबर, पत्ता, तारे आणि मराठीतले अभिप्रायसुद्धा. तो जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की धंद्याचं नाव फुकट दिसतं. मी तो नंतर टाकला. कापडाच्या दुकानाचा निघाला.

पण सावध व्हायची खरी जागा ती नव्हती. खरी जागा पैसे भरतानाची. क्यूआर स्कॅन केला आणि पिन टाकायच्या आधी पडद्यावर नाव आलं. कंपनीचं नाही, एका माणसाचं, नाव-आडनाव. मी ते वाचलं. परत वाचलं. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "मालकाचं असेल." आणि मी पिन टाकला. आता ज्यांना "एवढंही कळलं नाही?" असं म्हणायचंय, त्यांनी आज दिवसभरात कुणाकुणाच्या नावानं पैसे पाठवले ते आठवून बघावं. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा क्यूआर मालकाच्या बायकोच्या नावावर आहे, भाजीवाल्या मावशींचा त्यांच्या मुलाच्या, इस्त्रीवाल्याचा कुणा भाच्याच्या. आपल्याला या सवयीनंच बांधून ठेवलंय आणि चोरांना ती सवय पाठ आहे. तरीही तो पडदा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सगळं तिथं लिहिलेलं होतं, सहा-सात सेकंद माझ्यासमोर होतं. दुकान ओळखीचं असेल तर एक वेळ ठीक. वेबसाइटवरून माल घेताना पैसे घेणाऱ्याच्या जागी व्यक्तीचं नाव आलं तर पिन टाकू नका. मागे फिरा, बस.

कॅश ऑन डिलिव्हरी घेतली असती तर वाचले असते, असं नणंद म्हणाली. नसते वाचले. पैसे हातात पडल्याशिवाय कुरियरवाला सहसा पाकीट फोडू देत नाही, आणि पैसे दिले की ते त्याच्या हातातून गेलेले असतात.

पार्सल आलं, खूप उशिरानं, निघायला थोडेच दिवस उरले असताना. तेही ठरवूनच असतं. १९३० या सायबर हेल्पलाइनला जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. माल यायलाच इतके दिवस लावले की ते पैसे चार खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात. खोक्यावर छापील किंमत नव्हती, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, कुठल्या देशात बनला तेही नव्हतं. पाकीटबंद वस्तूवर हे सगळं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. रंग तोच, निळा-केशरी. चालू झाला. आणि बारीक अक्षरातल्या कागदावर लिहिलं होतं: पाण्यात केस लावूनच वापरा. केस खोक्यात नव्हती.

मी लगेच फोन लावला. बाई गोड बोलली. "मॅम, केस अलग से आती है, सिर्फ सोलह सौ पचास." मी भांडले. जाहिरातीत केसशिवाय दाखवलंय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, जाहिरातीत प्रो मॉडेल आहे. सुट्टी तोंडावर, रिसॉर्टचं बुकिंग झालेलं, घरात सगळ्यांना कॅमेरा आला म्हणून कळलेलं. १,६५० भरले. याला कुणी हाव म्हणू नये. ५,९९९ वाया जाऊ नयेत म्हणून भरले.

४के म्हणजे काय तेही ऐका. व्हिडिओत किती बारीक तपशील दिसतो त्याचा तो आकडा. या कॅमेऱ्यांतला चित्र टिपणारा सेन्सर कमी तपशिलाचा असतो आणि सॉफ्टवेअर ते चित्र ताणून मोठं करतं. फाइलवर आकडा ४के, आत माहिती जुन्या फोनएवढी. घरातच वर्तमानपत्र चार-पाच फुटांवर धरून व्हिडिओ काढा आणि मोठा करून बघा. अक्षरांच्या कडा लापशीसारख्या दिसल्या तर समजा. ६४ जीबीचं कार्डही तसलंच. फोन ६४ दाखवतो, पण थोडं भरलं की पुढच्या फाइली उघडतच नाहीत. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून, फाइली उघडून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

केसची चाचणी मी केली होती. रिकाम्या केसमध्ये टिश्यू पेपर घालून, वर वजन ठेवून अर्धा तास बादलीत. टिश्यू कोरडा. पण बादलीत पाणी फूटभर. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, १० मीटरला हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब चढतो. फूटभर पाणी त्यापुढे काहीच नाही. गावाकडे विहीर असेल तर रिकामी केस दगडासकट दोरीला बांधून दहा-बारा फूट खाली सोडा. नाहीतर तरणतलावाच्या खोल बाजूला जा. आणि केसच्या कडेची रबरी रिंग नखानं चाचपून बघा. चांगल्या केसची रिंग मऊ असते, खाचेत घट्ट बसते. डोक्याचा एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी शिरतं. माझ्या केसची रिंग एका कोपऱ्यात खाचेच्या वर आलेली होती. ती तशीच बनवलेली होती, माझ्या लावण्यात काही चूक नव्हती.

मालवणात पाण्यात उतरल्यावर काही मिनिटांतच काचेवर आतून धुकं आलं. मग तळाशी पाणी दिसलं. मी वर धरून बघते तर केस गरम लागायला लागली. होडीवरच्या दादांनी ती माझ्या हातातून घेतली आणि बादलीत टाकली. ते म्हणाले, बॅटरीत खारं पाणी गेलं की असं होतं, हातात धरू नका. माझ्या मुलीच्या हातात तो कॅमेरा द्यायचा होता मला. हे वाक्य लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो. पैसे गेले ते गेले, पण लिथियमची बॅटरी असलेली असली वस्तू लहान मुलांच्या गळ्यात अडकवणारे लोक आहेत हे. सासूबाईंनी पहिल्यांदाच समुद्रात डोकं बुडवलं, खालचे मासे बघून वर आल्या आणि पहिलं हेच विचारलं, "काढलास का?"

तिथं होडीवाल्यांकडे स्वतःचा गोप्रो असतो आणि ते व्हिडिओ काढून देतात. वर्षातून एकदा जाणाऱ्यानं कॅमेरा घेऊच नये, आधी फोन करून एवढंच विचारावं की व्हिडिओ पॅकेजमध्ये धरलाय का आणि त्याच दिवशी फोनवर मिळेल का. घ्यायचाच असेल तर खोली मीटरमध्ये लिहिलेली हवी, आणि 'केसशिवाय' की 'केससह' हे शब्द हवेत. नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हणजे काहीच नाही. केससह स्वस्त अ‍ॅक्शन कॅमेरा स्नॉर्कलिंगला पुरतो, मात्र तो समोर दुकान आणि पक्कं बिल असलेल्याकडून घ्या.

परत आल्यावर फोन केला. "वॉटर डॅमेज वॉरंटीत येत नाही." पाण्यात वापरायच्या कॅमेऱ्याला! खूप भांडल्यावर म्हणाले परत घेतो, पिकअपचे ४९९ भरा. भरले. कुणी आलं नाही आणि नंबर बंद झाला. परतीसाठी पैसे मागितले की समजा माल परत जाणारच नाही.

आणि मग सुरू झाली खरी फरपट. १९३० ला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पोचपावतीचा क्रमांक मिळाला. ठाण्यात बोलावलं. तिथल्या साहेबांनी स्क्रीनशॉट बघितले आणि म्हणाले, "मॅडम, वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? माल खराब निघाला, ग्राहक मंचात जा." मी सांगितलं, दाखवला एक आणि पाठवला दुसरा, जीएसटी नंबर दुसऱ्याचा, पत्त्याला प्लॉट नंबर नाही. ठरवून खोटं सांगून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूकच आहे. ते म्हणाले, अर्ज ठेवून जा. अर्जावर पोच मागितली तर माझ्याकडे असं बघितलं जसं मीच काही चोरलंय.

ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं सभ्यपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, आणि काही दिवसांनी 'कंपनीकडून प्रतिसाद नाही' म्हणून बंद केली. म्हणजे जी प्रतिसाद देत नाही म्हणून तक्रार केली, तिनं प्रतिसाद दिला नाही म्हणून तक्रार बंद! २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्वच्छ लिहिलंय: तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं, ४८ तासांत तक्रारीची पोच हवी, महिन्याभरात निवारण हवं. नियम उत्तम आहे. तो मोडणाऱ्याला शोधायचं कुणी? मी? सांगलीतून?

बँकेत गेले. "पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे." समोरच्या खात्याची तक्रार तरी पुढे पाठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात ग्राहक मंच, म्हणजे आताचा ग्राहक आयोग, आयोग विचारतो समोरच्याचा पूर्ण पत्ता काय, पत्ता बँकेकडे, बँक म्हणते पोलीस. सगळ्यांना माहीत आहे की ही गोल फेरी आहे. ज्यांना हे सगळ्यात चांगलं माहीत आहे ते आत्ता कुठेतरी बसून निळे-केशरी कॅमेरे पाकिटात भरतायत. रक्कम लहान ठेवायची, काहीतरी पाठवायचं, म्हणजे कुणी हात लावत नाही. माझ्यासारख्या हजार जणींचे नऊ हजार म्हणजे नव्वद लाख होतात, एवढा हिशोब त्या टेबलांमागे कुणालाच करावासा वाटत नाही?

पाकीट फेकू नका. बाहेरचं कुरियरचं पाकीट, त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता, तोच माझ्या हाती लागलेला एकमेव धागा. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही. मी त्या पत्त्यावर नोटीस पाठवून तक्रार दाखल केलीय. खोकं, पाण्यानं गंजलेला कॅमेरा, वर आलेली ती रिंग, सगळं पिशवीत जपून ठेवलंय. जाहिरातीचा व्हिडिओ तेव्हाच स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवायला हवा असतो, कारण नंतर ती साइट उघडत नाही.

साइट उघडत नाही, पण जाहिरात चालू आहे. परवा नणंदेला आली. दुकानाचं नाव नवं, हात तोच, अंगठ्याजवळ काळा धागा बांधलेला, निळा-केशरी कॅमेरा तसाच झटकतो. किंमत आता ५,४९९. तुम्हाला दिसली तर नुसती पुढे ढकलू नका. आधी स्क्रीन रेकॉर्ड करा, मग रिपोर्ट करा, आणि पैसे भरले असतील तर पार्सलची वाट न बघता आजच १९३० ला फोन लावा.