काबेसा प्रिएताच्या वाटेवर फोटोग्राफरांना असा गंडा घालतात

पाच जणांचा एक गट फेब्रुवारीत ॲरिझोनातल्या काबेसा प्रिएता वन्यजीव अभयारण्यात फोटो काढायला जाऊन आला आणि तीन ठिकाणी फसला. त्यांची पावती, गाडीचा करार आणि मेमरी कार्डं समोर ठेवूनच हे लिहितो आहोत. विकणाऱ्याचं नाव देत नाही, कारण नाव बदलून तोच माल पुन्हा बाजारात येतो. पावतीतल्या ओळी मात्र बदलत नाहीत, म्हणून त्या ओळखायला शिका.

पहिली ओळ होती 'अभयारण्य परवाना व लष्करी मंजुरी, माणशी ६५ डॉलर'. हा परवाना फुकट मिळतो. अभयारण्याला लागूनच बॅरी गोल्डवॉटर हा हवाई दल आणि मरीन कोअर यांचा सरावाचा टापू आहे आणि अभयारण्यावरूनही लढाऊ विमानं कमी उंचीवरून उडतात. जमिनीवर न फुटलेला दारूगोळा सापडू शकतो. म्हणून आत जाणाऱ्याला सुरक्षिततेची चित्रफीत पाहून, 'इजा झाल्यास सरकारला जबाबदार धरणार नाही' अशा हमीपत्रावर सही करावी लागते. ही सही ज्याची त्यानेच करायची असते. नेमकं इथेच खोटं उघडं पडतं. 'तुमच्या सगळ्यांची कागदपत्रं आम्हीच करून देतो, तुम्ही फक्त नावं पाठवा' असं कोणी म्हणालं, तर एक तर तो तुमच्या नावाने खोटी सही करतोय, नाही तर परवाना काढतच नाहीये. या गटाला मिळालेला कागद घरच्या प्रिंटरवर छापलेला होता. आत गस्तीवरच्या अधिकाऱ्याने परवाना मागितला की असा कागद दाखवणाराच अडकतो, विकणारा नाही. आहो गावात अभयारण्याचं कार्यालय आहे. निघण्याआधी तिथे फोन करून सध्याची पद्धत, बंद रस्ते आणि वाटेची स्थिती विचारून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

त्याच जाहिरातीत चार आश्वासनं होती आणि चारही पाळता येण्यासारखी नव्हती. ड्रोनने वरून चित्रीकरण हे पहिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांत परवानगीशिवाय ड्रोन उडवायला आणि उतरवायला बंदी आहे. दुसरं, 'प्रॉन्गहॉर्न नक्की दाखवू'. सोनोरन प्रॉन्गहॉर्न हे हरणासारखं जनावर १९६७ पासून संकटग्रस्त यादीत आहे. २००२ च्या दुष्काळात तर अमेरिकेच्या हद्दीत जेमतेम २१ जनावरं उरली होती. त्यानंतर इथेच बंदिस्त प्रजनन सुरू झालं आणि संख्या वाढली, पण हे जनावर माणसाची चाहूल लागली की दूरवर पळतं. त्याची हमी कोणालाच देता येत नाही, आणि प्रजननाचं कुंपण म्हणजे पर्यटकांची जागा नव्हे. तिसरं, 'रस्ता सोडून आतल्या दऱ्यांत गाडी नेऊ'. अभयारण्याच्या ८,६०,०१० एकरांपैकी आठ लाखांहून जास्त एकर १९९० पासून 'विल्डरनेस', म्हणजे निसर्ग आहे तसा ठेवायचा प्रदेश, म्हणून राखीव आहेत. तिथे गाडी घालणं गुन्हा आहे, आणि वाळवंटाच्या पापुद्र्यावर उठलेली चाकोरी वर्षानुवर्षं पुसली जात नाही. चौथं आश्वासन उन्हाळ्याच्या तारखांचं होतं. प्रॉन्गहॉर्नच्या पाडसांच्या काळात, १५ मार्च ते १५ जुलै, अभयारण्याचा काही भाग बंद असतो. तरी त्याच तारखांचं आगाऊ बुकिंग घेतलं जात होतं.

पैसे घेऊन सहली नेणाऱ्याला अभयारण्याकडून वेगळा विशेष वापर परवाना काढावा लागतो. आगाऊ रक्कम देण्याआधी त्याची प्रत मागा आणि त्यावरचं नाव पावतीवरच्या नावाशी ताडून बघा. खरा वाटाड्या ती प्रत लगेच पाठवतो. 'आमचं काम वर्षानुवर्षं चालू आहे' असं उत्तर आलं, तर तिथेच थांबा.

आता गाडी. पावतीवर 'फोर बाय फोर' लिहिलं होतं. प्रत्यक्षात मिळाली ऑल-व्हील-ड्राइव्ह क्रॉसओव्हर, म्हणजे साध्या मोटारीच्या बांध्यावरची उंच गाडी. अभयारण्यातून जाणारी एल कामिनो देल दियाब्लो ही वाट शंभर मैलांहून लांब आहे. मध्ये पेट्रोल नाही, दुकान नाही, बहुतेक ठिकाणी फोनही लागत नाही. पापागो वेल ते टूली वेल या टप्प्यात पिंटा सँड्सची खोल वाळू लागते, त्याला लागूनच काळ्या लाव्ह्याचा खडबडीत पट्टा. अशा क्रॉसओव्हरमध्ये मागच्या चाकांना ताकद एका क्लचच्या जोडणीतून जाते. वाळूत चाकं सतत घसरत राहिली की ती जोडणी तापते आणि स्वतःला वाचवायला मागची चाकं सोडून देते. मग गाडी फक्त पुढच्या चाकांवर उरते आणि पुढचं टोक वाळूत रुतत जातं. खऱ्या फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी, असते आणि तिला लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, असते. म्हणून विकणाऱ्याकडे गाडीच्या बाहेरून काढलेला देखणा फोटो मागू नका. '४एल' किंवा '४ लो' लिहिलेल्या खटक्याचा किंवा बटणाचा फोटो मागा, त्याच चौकटीत किलोमीटरचा किंवा मैलांचा आकडा दिसेल असा.

टायरच्या बाबतीत नक्षी खोल असली की लोक समाधान मानतात. ते पुरेसं नाही. टायरच्या बाजूला 'डीओटी' या अक्षरांनंतर एक लांबलचक क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. हा पूर्ण क्रमांक बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे गाडीखाली वाकून आतली बाजूही पाहावी लागते. या गटाच्या गाडीचे चार टायर ठीक होते. स्टेपनी मात्र दहा वर्षांहून जुनी होती आणि तिच्या कडेला केसासारख्या भेगा होत्या. असं रबर वाळूवर हवा कमी करून चालवलं तर कडेलाच फाटतं. वाळूसाठी हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवावी लागते, आणि कडक जमीन आली की पुन्हा भरावी लागते. म्हणून सोबत कॉम्प्रेसर हवा, आणि तो थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा हवा. सिगारेट लायटरच्या खाचेत खोचायचा छोटा कॉम्प्रेसर मोठ्या टायरला पुरत नाही, आणि मोठा कॉम्प्रेसर त्या खाचेला लावला तर फ्यूज उडतो.

रुतलेली गाडी ओढून काढायच्या सामानातही बनावट माल खपवतात. लोखंडी शॅकल, म्हणजे पट्टा गाडीला अडकवायची यू-आकाराची कडी, हातात घेऊन पाहा. चांगल्या शॅकलवर कामाची भारमर्यादा धातूतच उठावाने घडवलेली असते. पाऊण इंची शॅकलवर साधारण पावणेपाच टन असं दिसेल. नुसता स्टिकर असेल किंवा रंगाने 'तुटण्याची क्षमता' असा मोठा आकडा लिहिलेला असेल, तर ते शॅकल परत करा. दोन्ही आकडे एक नव्हेत. तुटण्याची क्षमता भारमर्यादेच्या कित्येक पट असते, आणि ताणाखाली तुटलेलं शॅकल काचेतून आरपार जातं.

भाड्याच्या करारात दोन कलमं शोधा. कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर विमा रद्द, असं कलम बऱ्याच साध्या भाडेकरारांत असतं. या गटाच्या करारातही होतं, म्हणजे जाहिरात अभयारण्याची आणि कागद डांबरी रस्त्याचा. दुसरं कलम ओरखड्यांचं. ओहोळांजवळ क्रिओसोट आणि मेस्कीटच्या फांद्या वाटेवर आलेल्या असतात आणि गाडीच्या दोन्ही बाजूंवर आडव्या रेषा ओढतात. तिथले लोक त्यांना 'डेझर्ट पिनस्ट्राइप' म्हणतात. आधीच्या गिऱ्हाइकाने आणलेल्या याच रेषांचे पैसे तुमच्या अनामत रकमेतून कापले जातात. भर उन्हात समोरून काढलेल्या व्हिडिओत त्या दिसतच नाहीत. गाडी सावलीत घ्या, टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा आणि प्रकाश पुढून मागे सरकवत व्हिडिओ काढा. प्रत्येक रेष उठून दिसते. पोर्ट्रेटमध्ये कातडीचा पोत दाखवायला आपण बाजूने प्रकाश देतो, तेच इथे करायचं. व्हिडिओत मैलांचा आकडा आणि गाडी देणाऱ्या माणसाचा आवाज येऊ द्या.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र नखाएवढ्या वस्तूने केलं. सहलीसोबत 'फोटो किट' म्हणून ५१२ जीबीची दोन कार्डं दिली होती, प्रसिद्ध ब्रँडच्या वेष्टनात. आत खरी मेमरी ३२ जीबी निघाली.

ही लबाडी कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण कॅमेरा ती पकडत नाही. कार्डात मेमरीची चिप असते आणि तिच्यापुढे एक कंट्रोलर. कॅमेरा कंट्रोलरला विचारतो, 'जागा किती?' बनावट कार्डाच्या कंट्रोलरला '५१२' असं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं तर फक्त सुरुवातीचा, फाइलींच्या नोंदींचा तक्ता लिहिला जातो, आणि ती जागा खरी असते. त्यामुळे फॉरमॅट व्यवस्थित होतं आणि उरलेल्या फोटोंचा आकडा हजारोंत दिसतो. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ (मूळ, कच्ची) फाइल साधारण ५० एमबीची धरली तर ३२ जीबी सुमारे सहाशे फोटोंत संपते. त्यानंतर काही कंट्रोलर नवा डेटा जुन्यावर लिहितात, काही तो सरळ टाकून देतात. फाइलचं नाव, तारीख आणि आकार मात्र तक्त्यात नोंदला जातो. कॅमेरा कुरकुर करत नाही. संगणकावर यादीत सगळ्या फाइली दिसतात, प्रत्येकीपुढे ५० एमबी लिहिलेलं असतं. उघडायला गेलं की काहींत वरची पट्टी ठीक आणि खाली राखाडी, काही उघडतच नाहीत. न उघडणारी फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतला कच्चा डेटा दाखवणाऱ्या साधनात, पाहिली तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. या गटाने तिसऱ्या दिवशीची पहाट, सॅग्वारो या उंच निवडुंगांच्या मागे उगवता सूर्य, अशी शून्यांत घालवली. कॅमेऱ्याला दोन खाचा होत्या आणि दुसऱ्या खाचेत प्रतही जात होती, पण दुसरं कार्ड त्याच किटमधलं होतं.

इलाज एकच आहे: कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचणं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री ही मोफत साधनं हे काम करतात. ती ठरावीक नमुन्याचा डेटा लिहून कार्ड काठोकाठ भरतात, मग तोच परत वाचून जुळवतात. एफथ्रीमध्ये आधी एफथ्रीराइट, मग एफथ्रीरीड चालवायचं. बनावट कार्ड असेल तर किती डेटा शाबूत आणि किती हरवला ते आकड्यांत समोर येतं. वेळेचा हिशोब आधी करा. सेकंदाला ३० एमबीने ५१२ जीबी लिहायला पावणेपाच तास लागतात, वाचायला आणखी वेगळे. त्यामुळे रात्री लावून झोपा. निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र हे सुरू करू नका, कार्ड नापास झालं तर दुसरं आणून तपासायला दोन दिवस हवेत. वेळ फार लागतोय म्हणून चाचणी अर्ध्यात थांबवू नका. पहिले ३२ जीबी खरेच असतात, त्यामुळे अर्धवट चाचणीत खोटं कार्डही उत्तीर्ण होऊ शकतं.

वेगाचं खोटं वेगळं असतं. वेष्टनावरचा सेकंदाला १७० एमबी हा आकडा सहसा वाचनाचा असतो. चित्रीकरणाला लागतो लिहिण्याचा सतत टिकणारा वेग. तो कार्डावरच्या 'व्ही' या खुणेवरून कळतो: व्ही३० म्हणजे किमान ३० एमबी, व्ही६० म्हणजे ६०. सेकंदाला ४०० मेगाबिटने फोरके चित्रण म्हणजे ५० एमबी झाले, तिथे व्ही३० ची खात्री पुरत नाही आणि चित्रण मध्येच बंद पडू शकतं. अतिस्वस्तात मिळणाऱ्या '१६ टीबी'च्या पोर्टेबल ड्राइव्हमध्ये तर उघडल्यावर एखादं मेमरी कार्डच चिकटवलेलं सापडतं. बॅकअप म्हणून असा ड्राइव्ह नेला तर कार्ड खरं असूनही फोटो जातात. वाटेत रोज रात्री प्रत काढा, आणि फाइली मोजू नका, उघडा. पहिली, शेवटची आणि मधल्या दहा-बारा फाइली शंभर टक्के झूमवर पाहा.

फसलात तर कार्ड फॉरमॅट करू नका, परत पाठवू नका, चाचणीचा निकाल जसाच्या तसा जपून ठेवा. पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील तर अमेरिकी कायद्याप्रमाणे पहिलं बिल पाठवलं गेल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी तक्रार करता येते. ती बिलावर चौकशीसाठी दिलेल्या पत्त्यावर जायला हवी, नुसता फोन पुरत नाही. परवान्याचे पैसे, चुकीची गाडी आणि बनावट कार्ड या तीन तक्रारी वेगळ्या ओळींत आणि वेगळ्या पुराव्यासह लिहा. या गटाने अर्धी रक्कम झेलने, म्हणजे बँकेतून थेट बँकेत पैसे पाठवायच्या अमेरिकी सेवेने, दिली होती. स्वतःच्या हाताने पाठवलेले असे पैसे बँक सहसा परत आणून देत नाही. तरीही फेडरल ट्रेड कमिशन, एफबीआयचं इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्र आणि ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलचं कार्यालय या तिन्हीकडे नोंद करा.

यानंतर एक फोन किंवा ईमेल येऊ शकतो. 'तुमचे गेलेले फोटो परत काढून देतो' किंवा 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी शुल्क भरा.' ज्या फाइली चिपवर कधी लिहिल्याच गेल्या नाहीत, त्या कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडत नाहीत. आणि तक्रार घेणारं सरकारी कार्यालय पैसे सोडवायला पैसे मागत नाही. दुसऱ्या गंड्यासाठी नावं बऱ्याचदा पहिल्या गंड्यातल्या गिऱ्हाइकांच्या यादीतूनच घेतली जातात.