टोमॅटोचं सॅलड: मीठ आधी लावायचं की वाढताना?

ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल असे पारंपरिक वाणाचे टोमॅटो रसाने गच्च भरलेले असतात. त्यामुळे मीठ कधी पडतं यावर सॅलडचा पोत ठरतो.

आधी मीठ लावायचं तर ५०० ग्रॅम टोमॅटोच्या जाड फोडींना अर्धा छोटा चमचा मीठ लावून २० मिनिटं चाळणीत ठेवा. मीठ आतलं पाणी ओढून काढतं. चव दाट होते आणि तेल फोडींना धरून राहतं. खाली साचलेला रस मात्र कृपा करून ओतून देऊ नका, केवढी चव त्यात उतरलेली असते! त्यातला २ मोठे चमचे रस, १ छोटा चमचा व्हिनेगर आणि ३ मोठे चमचे ऑलिव्ह तेल एकत्र फेटलं की ड्रेसिंग तयार. अतिपिकलेल्या टोमॅटोंना ही पद्धत नको, त्यांचा लगदा होतो.

अशा मऊ फळांना वाढतानाच मीठ बरं. फोडी ताटात एका थरात पसरा, तेल घाला, वरून जाडसर मीठ भुरभुरा आणि लगेच खा. थोड्याच वेळात पाणी सुटून ताटात तळं साचतं. घट्ट टोमॅटो असतील तर आमची पसंती पहिल्या पद्धतीला.

बेझिलची पानं दोन्हींत अगदी शेवटी, हाताने तोडून घाला. आंबटात भिजत राहिली की ती काळवंडतात. पार्सली आधी घातली तरी टिकते.