हिब्रूचे सहा रविवार: वर्ग चांगला, अनामत अडकलेली

आधी हिशेब. फी बाराशे, शिवाय अभ्यासपुस्तिकेसाठी पाचशे रुपये अनामत. सहा रविवार, सकाळी साडेदहा ते साडेबारा. ठाणे स्टेशनातून पश्चिमेला उतरून चालत गेलं तर माझ्या पावलांनी वीस मिनिटं, टेंभी नाक्याच्या अलीकडे, जुन्या इमारतीचा दुसरा मजला. लिफ्ट नाही, जिना अंधारा. गुडघेवाल्यांनी विचार करून नाव घालावं. वर्गाचं नाव मी देत नाही, का ते पुढे येईलच.

मी चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. हिब्रूशी माझा संबंध इतकाच, की टेंभी नाक्याचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९ सालचं शआर हाशामाइम, लहानपणापासून जाता-येता दिसायचं आणि शाळेत बाकावर शेजारी बेने इस्राएल, म्हणजे आपल्या इकडच्या ज्यू समाजातली, मैत्रीण होती. आमच्यासारखंच मराठी बोलायची. तिच्या घरी मलिदा असला की मला बोलावणं असायचं. गोड पोहे, वर ओलं खोबरं, बाजूला फळं. प्रार्थना चालू असताना सगळे मधूनमधून 'आमेन' म्हणायचे, मीही ठोकून द्यायचे. लक्ष पोह्यांवर. त्या आमेनचा अर्थ कळायला साठी उलटावी लागली.

पत्रकावर विषय होता 'बायबलमधली श्रद्धा'. मला वाटलं प्रवचन असेल, निघालं व्याकरण. पहिला रविवार अक्षरं गिरवण्यात गेला, उजवीकडून डावीकडे. दुसऱ्या रविवारी सरांनी तीन अक्षरं फळ्यावर लिहिली, आलेफ, मेम, नून, आणि म्हणाले, "उभे राहा, दोन्ही हात वर करा." आम्ही अकरा जण. बायबलमधल्या मोशेची, इस्राएल लोकांच्या पुढाऱ्याची, गोष्ट चालू होती. खाली अमालेकी लोकांशी लढाई, वर टेकडीवर मोशे. त्याचे हात वर असले की इस्राएल वरचढ, खाली आले की अमालेक. दुसऱ्या मिनिटाला माझे दंड भरून आले. तिसऱ्या मिनिटाला शेजारचे निवृत्त पोस्टमन काका खाली बसले. मग सरांनी दोघींना माझ्या कोपरांखाली हात द्यायला लावले. एकीच्या हाताला कढीपत्त्याचा वास येत होता, सकाळची फोडणी टाकून आली असणार. खरंच हात राहिले. गोष्टीतही तसंच आहे. मोशेला दगडावर बसवलं, अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी हात धरून उभे राहिले, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात, मूळ शब्द, 'एमूना'. मराठीत आपण तिथे 'स्थिर' म्हणतो. हाच शब्द पुढे देवाबद्दल आला, माणसाबद्दल आला की त्याचा 'विश्वास', 'विश्वासूपणा' होतो.

फीचे पैसे माझ्यापुरते इथेच वसूल झाले.

तिसऱ्या रविवारी त्याच तीन अक्षरांच्या धातूचं कुटुंब. रूथच्या गोष्टीत म्हातारी नामी नातवाला मांडीवर घेते, ती 'ओमेनेत', म्हणजे सांभाळणारी दाई. हिज्कीया राजा मंदिराच्या ज्या चौकटींचं सोनं काढून अश्शूरच्या राजाला देतो, त्या 'ओमनोत'. यशाया संदेष्ट्याचं तर वाक्यच दुहेरी आहे. यरुशलेमवर दोन राजे चालून आलेले, तिथला आहाज राजा गळाठलेला, आणि यशाया त्याला एकाच धातूची दोन क्रियापदं ऐकवतो. मराठीत जुळवायचं तर 'ठाम धराल तरच ठाम राहाल'.

इथे मात्र सर वाहवत गेले. प्रत्येक ठिकाणी श्रद्धा म्हणजे खांब, श्रद्धा म्हणजे दाई असं सुरू झालं. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, प्रवीण म्हणजे वीणेत निपुण. पण प्रवीण सुतार म्हटलं की कोणी वीणा शोधत नाही." जेम्स बार नावाच्या अभ्यासकाने १९६१ साली हाच आक्षेप घेतला होता, की शब्दाचा अर्थ वापरात असतो, मुळात नव्हे. सर हसले, म्हणाले, "ताई, तुम्ही त्रास देणार." पण पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःहून प्रत्येक ओळ संदर्भासकट घेतली. हा माणूस ऐकतो, हे मी गुणांत धरलंय.

त्याच रविवारी मी विचारलं, "मग आपलं इमान?" सरांनी खडू खाली ठेवला. इमान मराठीत अरबीतून आलं, अरबी आणि हिब्रू एकाच घरातल्या भाषा, धातू तोच. बेइमान, अमानत, अनामत, सगळी त्याच चुलीवरची. मला घरी येईपर्यंत दुसरं काही सुचेना. आपला विश्वास बसतो, उडतो, पाखरासारखा. इमान राखावं लागतं, इमानाला जागावं लागतं, विकताही येतं. मी चौतीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली असं म्हणते तेव्हा माझ्या मनात काय होतं हे कोणी विचारत नाही. रोज साडेनऊला कुलूप उघडलं की नाही एवढंच. हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याला बाबेलचे खास्दी लोक चालून येताना दिसतात, तो देवाला किती दिवस म्हणून विचारतो, आणि उत्तर मिळतं की नीतिमान आपल्या एमूनाने जगेल. ही ओळ मी आता 'इमानाने' अशीच वाचते. भाषांतरकारांनी विश्वास शब्द घेतला, त्यांची कारणं असतील. मला इमान पटतं.

आणि आमेन, तोही याच धातूचा. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात बारा शाप आहेत, प्रत्येकाला लोकांनी आमेन म्हणायचं. तथास्तु वर देणारा म्हणतो, आमेन ऐकणाऱ्याने म्हणायचं: मान्य, मी बांधला गेलो. मलिद्याच्या ताटाकडे बघत मी काय काय मान्य करून बसले होते कोण जाणे.

पाचवा रविवार ग्रीकचा, तो घाईत उरकला. हबक्कूकच्या त्याच ओळीत हिब्रूत 'त्याच्या', जुन्या ग्रीक भाषांतरात 'माझ्या', म्हणजे देवाच्या, आणि ख्रिस्ती प्रेषित पौलाने रोमकरांस पत्र लिहिताना दोन्ही सर्वनामं गाळली. एवढ्या मोठ्या गोष्टीला वीस मिनिटं? उरलेला वेळ गटचर्चेत गेला. गटचर्चा मला कुठेच आवडत नाही, तेव्हा हे सोडून द्या. सहावा रविवार उजळणी.

बाकी बारीकसारीक. पुस्तिकेत चौदाव्या पानावर मेम आणि सामेख यांची अदलाबदल झालीय, पेनने दुरुस्त करून घ्या. मागच्या रांगेचा पंखा नुसता आवाज करतो. चहा आल्याचा, उत्तम. ज्यांना आशीर्वाद, साक्ष, चमत्कार हवेत त्यांनी जाऊ नये. ज्यांना शब्दकोश उघडल्यावर जेवणाची वेळ कळत नाही त्यांनी जरूर जावं. ख्रिस्ती, बेने इस्राएल, हिंदू, सगळे होते, कोणी कोणाला ओढत नव्हतं.

पाचपैकी चार दिले असते. अर्धा कापलाय तो अनामतीपायी. पुस्तिका कोरी परत करून पाच आठवडे झाले. कार्यालयातला मुलगा दर वेळी म्हणतो, "मावशी, विश्वास ठेवा." मी त्याला धातू समजावून सांगितला. तो म्हणाला, सोमवारी या.