आशाताईंच्या घरभेटी (एचबीएनसी, म्हणजे नवजात बाळाची घरी येऊन काळजी): नातीच्या पहिल्या दीड महिन्याचा अनुभव

ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांनी ही सेवा हक्कानं मागून घ्यावी, हे आधीच सांगते. फुकट आहे म्हणून नव्हे, तर पारखून घेतलेली आहे म्हणून.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्यात मुलगी झाली, वजन भरलं दोन किलो शंभर ग्रॅम. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं. डिसेंबरची थंडी, त्यात आमची कौलारू खोली. घरी आणलं तेव्हा जीव नुसता टांगणीला होता.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरीच झालं तर पहिल्या दिवशीसुद्धा. आमच्या ताई कापूस वेचणीच्या दिवसांत स्वतःचं वावर सांभाळून यायच्या, पण आल्या की घाई नाही. आधी साबणानं हात धुवायच्या. मग थर्मामीटर बाळाच्या काखेत. मग झोळीच्या काट्यावर वजन. आणि मग घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट बाळाचा श्वास मोजायच्या. त्या मिनिटात घरात कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. साठ किंवा त्याहून जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, आणि तेवढाच आला तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

माझ्या नणंदबाईंना रोज न्हाऊ घालून, शेकून, बाळाला मध चाटवायचा होता. ताई त्यांच्याशी भांडल्या नाहीत. "आत्याबाई, वजन वाढू द्या, मग आपण मिळून न्हाऊ घालू. आता पोरीले आईच्या छातीशी ठेवा, टोपडं काढू नका. अन् दुधाबिगर काहीच नको," असं म्हणून त्यांनी नणंदबाईंच्याच हातानं बाळाला मुलीच्या पदराखाली, उघड्या अंगाला अंग लावून ठेवलं. पाय गार आहेत का हे हातानं कसं बघायचं तेही त्यांनाच शिकवलं. पुढे नणंदबाईच सगळ्यांवर पहारा ठेवायला लागल्या.

ही पद्धत कुठल्या ऑफिसात बसून ठरलेली नाही, आमच्याच विदर्भात गडचिरोलीत तपासली गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. देशभर आशांच्या हातून हे काम २०११ मध्ये सुरू झालं. मधली बारा वर्षं मला फार टोचतात. पुरावा हाती असताना किती घरांत पाळणे रिकामे झाले असतील!

आता कमी कुठे पडतं ते. गडचिरोलीत शिकवलेल्या बायका जंतुसंसर्ग ओळखून बाळाला इंजेक्शनही स्वतः द्यायच्या. देशाच्या कार्यक्रमात भेटी आल्या, वजन आलं, श्वास मोजणं आलं, पण इंजेक्शन आशांच्या हाती आलं नाही. २०१४ मध्ये जेंटामायसिन हे जंतुसंसर्गावरचं इंजेक्शन द्यायची परवानगी एएनएम सिस्टरना (उपकेंद्रातल्या नर्सना) मिळाली, तीही ठरावीक वेळीच, जसं की दवाखान्यात पाठवण्याआधी किंवा बाळाला तिथे नेणं शक्यच नसेल तेव्हा. पण सिस्टरकडे अनेक गावं असतात, रात्री त्या येणार कशा? संशोधनात जे जमलं ते सगळंच्या सगळं उचलायला हवं होतं, सोयीचं तेवढंच उचलून भागत नाही.

दुसरं, साहित्य. एका भेटीला काटा अडकला. ताईंनी शेजारच्या गावच्या आशाताईंकडून दुसरा मागून आणला आणि वजन केल्याशिवाय त्या घरी गेल्या नाहीत. दुरुस्तीला दिलेला काटा आमच्या भेटी संपेपर्यंत परत आला नव्हता. कमी वजनाच्या बाळाच्या घरी काटाच नसेल तर भेटीचा अर्धा जीव जातो. आणि मोबदला? सगळ्या भेटी पूर्ण करून कागद भरून दिले की बाळामागे अडीचशे रुपये. या कामाची ही किंमत मला मान्य नाही.

गुण द्यायचे तर आशाताईंना पाचपैकी पाच, त्यांच्या मागच्या व्यवस्थेला तीन.

लेक माहेरी बाळंतपणाला येणार असेल तर एक काम सातव्या महिन्यातच करा. तिचं नाव सासरच्या आशाताईंच्या यादीत असतं, माहेरच्या आशाताईंना ते कळायला मार्ग नसतो. दोघींचे नंबर एकमेकींना द्या, आणि दवाखान्यातून निघताना बाळाचं जन्माचं वजन लिहिलेला कागद मागून घ्या. पहिल्याच भेटीला ताई तो विचारतात.